आई-बापांना निवांत बसू दे
(गेम झोनमध्ये पहिल्या नोकरीला लागणाऱ्या भाचीला मामाचा कानमंत्र)

एक तारखेपासून तू मॉलमधल्या गेम झोनमध्ये अटेंडंट म्हणून रुजू होणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. शेजारीच रेस्टॉरंट असलेल्या अशाच एका फ्लोअरवर माझी उमेदीची वर्षं गेली. आधी अटेंडंट, मग शिफ्ट इनचार्ज, शेवटी मॅनेजर. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये तुला मशीनची नावं, कार्डाचे दर आणि हसतमुख राहणं शिकवतील. ते मन लावून शिक. त्या दोन दिवसांत सांगायच्या राहून जातात अशा गोष्टी मी सांगतो.

आधी हे काम कशासाठी आहे ते समजून घे. अटारी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नोलन बुशनेल यांनी १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात पहिलं ‘पिझ्झा टाइम थिएटर’ उघडलं. पुढे ते ‘चक ई. चीज’ या नावाने प्रसिद्ध झालं. तोवर अमेरिकेत व्हिडिओ गेम बहुतेक बारमध्ये नाहीतर बॉलिंगच्या अड्ड्यांवर असायचे. तिथे मुलाबाळांना घेऊन कोण जाणार? पिझ्झा भट्टीतून येईपर्यंत वेळ लागतो, तेवढ्या वेळात मुलं खेळतील आणि मोठी माणसं बसतील, असा साधा विचार त्यामागे होता. आपल्याकडे मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड हे मनोरंजन उद्यान सुरू झालं, आणि मॉल आल्यावर असे गेम झोन शहरोशहरी पोचले.

विचार मात्र तोच राहिला. आठवडाभर राबलेले आई-बाप रविवारी येतात, मुलांना खेळायला सोडतात आणि टेबलावर बसतात. त्यांना दोन घोट चहा शांतपणे घेता येतो, कारण मुलांवर कुणाची तरी नजर आहे असं ते धरून चालतात. ती नजर तुझी. कार्ड, तिकिटं, मशीन हे सगळं त्यानंतर.

दार उघडायच्या आधी

शिफ्टच्या अर्धा तास आधी पोच. फोन लॉकरमध्ये ठेव आणि सगळा फ्लोअर एकदा पायी फिरून घे. एअर हॉकीच्या टेबलाची निघालेली पट्टी, सॉफ्ट प्लेच्या जाळीला पडलेलं भोक, गालिच्याचा उचकटलेला कोपरा, बास्केटबॉल मशीनखाली सांडलेलं कोल्ड्रिंक हे काउंटरमागे उभं राहून दिसत नाही. मग गुडघ्यांवर बस आणि तीच जागा मुलाच्या उंचीवरून बघ. मोठ्या माणसाच्या कमरेला येणारा कोपरा तीन वर्षांच्या पोराच्या डोळ्यापाशी असतो.

बॉल पिटमध्ये हात घालून तळ चाचप. हेअरपिन, कानातल्याचा मागचा स्क्रू, चघळलेलं च्युइंगम हमखास सापडतं. पिट ओला झाला असेल किंवा कुणी त्यात ओकलं असेल, तर तो धुऊन पुसून झाल्याशिवाय उघडायचा नाही, मग बाहेर कितीही रांग असो.

ज्या मशीनची शंका येईल त्यावर ‘बंद आहे’चा बोर्ड लाव आणि टेक्निशियनकडून वीजही बंद करून घे. दिवे लुकलुकत राहिले की मूल कार्ड स्वाइप करणारच. त्याला बोर्ड वाचता येत नाही.

मुलाशी बोलताना

उभ्याने बोलू नकोस, खाली बसून बोल. पहिला प्रश्न नेहमी हाच: ‘बाळ, तुझ्याबरोबर कोण आलंय?’ ते बोट दाखवील त्या टेबलाकडे एकदा बघून घे. पुढे काही झालं तर कुणाकडे धावायचं हे तुला तेव्हाच माहीत झालेलं असतं.

सीटचा पट्टा लावताना आधी तोंडाने सांग, ‘आता मी पट्टा लावते हं,’ आणि मगच हात लाव. आई-बाप जवळ असतील तर त्यांच्या देखत लाव. कुठल्याही मुलाला एकटीने बाथरूमला नेऊ नकोस. त्याच्या माणसाला बोलव. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढायचे नाहीत, कितीही गोड दिसत असली तरी. एखादा मोठा माणूस एकट्याने येऊन दुसऱ्यांच्या मुलांभोवती घुटमळतोय, त्यांना कार्ड भरून देतोय असं दिसलं तर लगेच इनचार्जच्या कानावर घाल. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे; ‘आपल्या गेम झोनचं नाव खराब होईल’ ही सबब कायद्याला चालत नाही.

काही मुलांना एवढे दिवे आणि आवाज सोसत नाहीत. ती कान झाकतात, कोपऱ्यात जातात, रडतात. त्यांना हट्टी म्हणू नकोस आणि ‘अरे, मजा येईल’ म्हणून ओढूही नकोस. आईला शांत जागा दाखव आणि आठवड्यातल्या कुठल्या दिवशी सकाळी गर्दी नसते ते सांग. अशा घरांना कुणीतरी एवढं सांगावं याची फार गरज असते.

नाही म्हणायची रीत

उंचीच्या पट्टीवरून रोज वाद होतील. पट्टीपाशी उभं करायचं काम रांग सुरू होते तिथेच उरक. वीस मिनिटं उभं राहून गेटवर आलेल्या मुलाला परत पाठवणं म्हणजे त्याचा अख्खा दिवस नासवणं. ‘तू लहान आहेस’ असं म्हणू नकोस. ‘या गाडीचा पट्टा तुझ्या खांद्याला नीट बसत नाही, म्हणून ती दुसरी गाडी तुझ्यासाठी आहे, चल दाखवते,’ असं म्हण आणि खरंच सोबत जा.

‘दोन बोटंच तर कमी आहे, मी जबाबदारी घेतो,’ असं वडील म्हणतील. आवाज न चढवता सांग, ‘काका, पट्टा उंचीच्या हिशेबाने बसवलेला असतो. मला सोडता येणार नाही.’ तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हण. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तर इनचार्जला बोलव. एकदा का कुणाला ढिलाई दिलीस, की मागच्या दहाजणांना तीच हवी असते.

ट्रॅम्पोलिनवर एका चौकोनात एकच मूल. मोठं आणि लहान एकत्र उडतात तेव्हा मोठ्याच्या धक्क्याने लहानगं वेडंवाकडं फेकलं जातं आणि हात मोडतो. कोलांटउडी मारू द्यायची नाही, कारण त्यात मानेला इजा होते. ग्रिपचे मोजे घातल्याशिवाय आत सोडायचं नाही.

कार्ड, पैसे आणि मशीन

कार्ड भरायला आलेल्या माणसाला आधी विचार, ‘किती वेळ थांबणार आहात? मुलं किती?’ तासाभरासाठी आलेल्या दोन मुलांच्या बापाला सगळ्यात मोठं पॅकेज गळ्यात मारू नकोस. आणि मुलाकडे बघून ‘बाबांना सांग, मोठं कार्ड घ्या’ असं तर कधीच म्हणू नकोस. मुलासमोर नाही म्हणावं लागलं की बापाची मान खाली जाते. महिनाअखेरीला हे जास्त जपायचं. उरलेली रक्कम किती दिवस चालते, परत मिळते का, हे पैसे घेण्याआधीच सांग.

स्वाइप झालं आणि गेम सुरूच झाला नाही, ही तक्रार दिवसातून अनेकदा येईल. आधी खेळ परत दे, कारण नंतर शोध. सिस्टीममध्ये स्वाइपची नोंद असतेच, ती सावकाश बघता येते. मुलावर खोटेपणाचा संशय घेतलास तर ते घर पुन्हा यायचं नाही.

अडकलेलं तिकीट किंवा बॉल काढायला चालू मशीनमध्ये हात घालू नकोस. पंज्याने खेळणं उचलायच्या क्लॉ मशीनकडे विशेष लक्ष ठेव. बक्षीस बाहेर पडतं त्या झडपेतून लहान मुलं आत शिरून अडकल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडल्या आहेत. मशीनची चावी कोणाकडे असते हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव. आणि त्या मशीनपुढे हरणाऱ्या मुलाला ‘आता येईलच, अजून एकदा कर’ असं सांगून खेळवत ठेवू नकोस. ‘हे अवघड असतं, दर वेळी मिळत नाही,’ हे खरं ते सांग.

ड्रॉवरची रक्कम घेताना आणि देताना समोरच्यापुढे मोज. स्वतःचा लॉगिन किंवा स्टाफ कार्ड पाच मिनिटांसाठीही कुणाला देऊ नकोस. मैत्रिणी आल्या म्हणून फुकट स्वाइप करू नकोस. प्रत्येक स्वाइपवर नाव उमटतं.

बक्षिसांचा काउंटर

इथे तुझी खरी परीक्षा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समज, रविवारी रात्रीचे साडेनऊ वाजलेत, काउंटरला गर्दी आहे. पुढे सात-आठ वर्षांचा मुलगा, कार्डावर खेळून जिंकलेली २६० तिकिटं. त्याची नजर वरच्या फळीवरच्या रिमोटच्या गाडीवर. ती ३,००० तिकिटांची. मागून वडील म्हणतायत, ‘आटप रे, उशीर होतोय.’ अशा वेळी ‘तुला एवढ्यात काही येणार नाही’ असं म्हणायचं नाही, आणि हाताला लागेल ती पेन्सिल पुढे करून त्याला वाटेलाही लावायचं नाही. खालच्या खणातून त्याला परवडतील अशा पाच-सहा वस्तू काढ, काउंटरवर ओळीने मांड आणि सांग, ‘यातलं काहीही तुझं. नाहीतर तिकिटं कार्डावर तशीच ठेव, पुढच्या वेळी यात भर पडेल.’ मग गप्प राहा.

तो भोवरा उचलेल, ठेवेल. खोडरबराचा सेट उचलेल, किंमत विचारेल. वरच्या गाडीकडे परत एकदा बघेल. मग एकाएकी म्हणेल, ‘घरी ताई आहे. तिच्यासाठी काय येईल?’ तू १२० तिकिटांच्या वस्तू दाखव. तो स्वतःसाठी एक आणि ताईसाठी एक घेईल. ‘दोनशेचाळीस झाली. वीस उरली, ती तुझ्या कार्डावरच राहतात,’ हे त्याला ऐकू जाईल असं सांग. जेमतेम दोन-तीन मिनिटं लागतात. स्वतः कमावलं, स्वतः निवडलं, वाटून घेतलं आणि शिल्लक टाकली, हे सगळं त्याने तेवढ्यात केलेलं असतं. त्या मिनिटांवर घाई करायचा हक्क मागच्या रांगेलाही नाही. रांगेला तू ‘दोनच मिनिटं हं’ एवढं सांग, माणसं थांबतात.

बक्षीस देताना मुलाचं वय बघ. टॉयलेट रोल संपला की उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही; ती घशात अडकू शकते. लुकलुकणाऱ्या खेळण्यांमध्ये बटणाएवढे चपटे सेल असतात. त्यांचं झाकण स्क्रूने पक्कं बसलेलं नसेल तर ते खेळणं बाजूला काढ. असा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजून निघते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायला सांग, आणि उलटी काढायला लावू नका असंही सांग. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नवीन माल आला की खोक्यावर तो शोधायची सवय लाव.

टेबलापाशी

गर्दीच्या वेळी तुला रेस्टॉरंटच्या बाजूलाही हाताखाली घेतील. तिथे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तेलाचा. ज्या फ्रायरमध्ये चिकन नगेट्स तळले त्यातच फ्रेंच फ्राइज तळतात का, हे किचनमध्ये विचारून ठेव. शाकाहारी माणसाने विचारलं तर अंदाजाने ‘हो, व्हेजच आहे’ म्हणायचं नाही. माहीत नसेल तर ‘विचारून सांगते’ म्हण. एकादशी-संकष्टीला उपासाचं विचारणारी आजी असेल, कांदा-लसूण न खाणारं जैन कुटुंब असेल, केक बिनअंड्याचा आहे ना म्हणून विचारणारे काका असतील. त्यांच्या दृष्टीने हे चवीपुरतं नसतं. बंद पाकिटावर हिरवा ठिपका शाकाहारी आणि तपकिरी त्रिकोण मांसाहारी. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी सांगितली तर ती ऑर्डरवर लिहून घे आणि किचनमध्ये तोंडानेही सांग.

सिझलर, सूप, चहा कधीही मुलाच्या डोक्यावरून सरकवू नकोस. मोठ्या माणसाच्या बाजूने ठेव आणि ‘गरम आहे’ हे मोठ्याने म्हण. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात. गरम ते गरमच आणि गार ते गारच राहिलं पाहिजे. सांडलेलं पुसायला गेलीस तर परत ताट उचलायच्या आधी साबणाने हात धू.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विसरू नकोस. नातवंडांबरोबर आलेल्या आजी-आजोबांना बसायला जागा नसते, कार्ड कसं चालतं ते कळत नाही आणि विचारायचा संकोच वाटतो. नातू दिसेल अशा बाजूला खुर्ची सरकवून दे. बिलावरच्या सेवा शुल्काबद्दल कुणी विचारलं तर वाद घालू नकोस. ते सक्तीने लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ पासूनचे निर्देश आहेत.

वाढदिवसाची पार्टी

मुलाचं नाव नीट विचारून घे आणि माइकवर बरोबर म्हण. किती मुलं आली, कोणाबरोबर आली, हे कागदावर लिहून घे आणि जाताना तीच मोजणी पुन्हा कर. पार्टीत दुसऱ्यांची मुलंही असतात, त्यांचे आई-बाप तिथे नसतात.

केक कापताना फेसाचा स्प्रे मारू द्यायचा नाही. तो ज्वालाग्राही असतो. मेणबत्तीपाशी मारला की केसांना आणि चेहऱ्याला भडका लागतो. बाहेरून आणलेल्या तरंगत्या फुग्यांत हेलियमऐवजी हायड्रोजन भरलेला असू शकतो, म्हणून फुग्यांचा झुबका मेणबत्तीपासून लांब बांध. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच गोळा कर. लहान मुलं ते तोंडात घालतात आणि रबर श्वासनलिकेला चिकटून बसतं.

मूल हरवलं तर

मूल एकटं, रडत सापडलं तर ते सापडलं तिथेच त्याच्याबरोबर थांब आणि दुसऱ्या सहकाऱ्याला बोलव. आई-बाप बहुतेक वेळा शेवटी पाहिलेल्या जागी परत येतात. माइकवर मुलाचं नाव आणि कपड्यांचा रंग सांगू नकोस, कारण ते ऐकून भलताच माणूस पुढे येऊ शकतो. कोणी ‘हे माझं मूल’ म्हणत आलं तर मुलाला पुढे करायच्या आधी त्या माणसाला नाव, वय, कपडे विचार, फोनमधला फोटो दाखवायला सांग. मूल त्याला बघून काय करतं ते बघ. रजिस्टरमध्ये सही घे. खऱ्या बापाला याचा राग येत नाही. आला तरी घरी गेल्यावर पटतं.

आईच धावत आली की ‘माझं मूल दिसत नाही,’ तर पहिला निरोप दारावरच्या सिक्युरिटीला: कुठलंही मूल खात्री केल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. मग सॉफ्ट प्लेच्या बोगद्यात, मोठ्या मशीनच्या मागे, बाथरूममध्ये, पार्टी रूमच्या टेबलांखाली शोध. सापडलं नाही तर मॉलच्या कंट्रोल रूमला आणि ११२ला फोन. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांकही पाठ ठेव.

जिवावर बेतलं तर

घास अडकला आणि मूल जोराने खोकत असेल तर खोकू दे, पाठीत मारू नकोस. आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकव आणि तळहाताच्या मुळाने दोन्ही खवाट्यांच्या मध्ये पाच धपके दे. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके. आळीपाळीने चालू ठेव. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली असं धरून पाठीत पाच धपके, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. न दिसणारी वस्तू बोटाने उकरू नकोस, ती आणखी खाली जाते. शुद्ध गेली तर रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन आणि सीपीआर.

भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या गार पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही.

लुकलुकत्या दिव्यांनी काहींना फिट येते. फिट आली की गर्दी हटव, डोक्याखाली मऊ काहीतरी दे, चष्मा काढ, घड्याळात वेळ बघ. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. झटके थांबले की कुशीवर वळव. पाच मिनिटांच्या वर चाललं तर १०८.

हे वाचून येत नाही, हाताने करून येतं. प्रथमोपचाराचा वर्ग मागून घे.

आग

२५ मे २०२४ला, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या शनिवारी, राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली. २७ माणसं गेली, त्यात मुलं होती आणि तिथे काम करणारे तुझ्या वयाचेही होते. आवारात वेल्डिंग चालू होतं आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र नव्हतं. त्याआधी २८-२९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले. त्यातले अनेकजण बाथरूममध्ये सापडले. वाट न कळल्याने तिथे आसऱ्याला शिरले होते. धुरात माणूस ओळखीच्या जागेकडे धावतो. त्याला बाहेरची वाट दाखवायला तिथली माहीतगार व्यक्ती लागते, आणि फ्लोअरवर ती तू असशील.

म्हणून बाहेर पडायचे सगळे जिने स्वतः उतरून बघ. दार आतून उघडतं का बघ. जिन्यात खोकी, जुनी मशीनं, खुर्च्या रचलेल्या दिसल्या तर लेखी कळव, तोंडी सांगून सोडू नकोस. महाराष्ट्रात इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा ‘बी फॉर्म’ परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो. तो आहे का, हे मॅनेजरला विचारण्यात आगाऊपणा नाही. गिऱ्हाईक आत असताना वेल्डिंग-कटिंग चाललेलं दिसलं तर लगेच सांग.

विजेच्या आणि तेलाच्या आगीवर पाणी मारायचं नाही. आग विझवायचा सिलिंडर वापरताना पिन ओढ, नळी ज्वाळेच्या बुडाशी धर, मूठ दाब आणि इकडून तिकडे फिरव. तो काही सेकंदच चालतो. तेवढ्यात आग विझली नाही तर सिलिंडर टाक आणि माणसं बाहेर काढ. लिफ्ट नाही. मुलांना वाकून चालायला सांग. ‘पळा’ ओरडू नकोस. हात करून ‘इकडून या’ म्हण.

स्वतःची काळजी

पायांना आधार देणारे, न घसरणारे बूट घे, त्यात काटकसर नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागत असेल तर तो आवाज कानांना घातक आहे असं समज. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, एवढीच कानांची मर्यादा धरतात. इअरप्लग माग आणि ब्रेक शांत जागी काढ. पाणी पीत जा; बाथरूमला जायला वेळ नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या मुली मी फार पाहिल्यात, आणि त्यांचं मूत्रमार्गाचं दुखणंही पाहिलंय.

नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप माग. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक लिहून ठेव. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असला की कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) हक्क असतो; त्यासाठी तुझ्या पगारातून ०.७५ टक्के कापतात. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळतात. रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला कामाला ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घरच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची, हे महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. क्लोजिंग शिफ्ट घेताना गाडीचं आधी विचार. कोणी नको तसं बोललं, हात लावला, तर गिऱ्हाईक असो वा वरिष्ठ, त्याच दिवशी अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार कर आणि मला फोन कर.

या कामाला लोक हलकं समजतात. ‘गेम झोनमध्ये उभी असते’ असं नातेवाईकही म्हणतील. मनावर घेऊ नकोस. दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी घेऊन दिवसभर सावध उभं राहणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि ते नीट करणारी माणसं कमी आहेत. एक तारखेला गेलीस की दोन गोष्टी त्याच दिवशी कर: बाहेर पडायचे सगळे जिने उतरून बघ, आणि प्रथमोपचाराच्या वर्गाला नाव घाल. बाकीचं हळूहळू जमेल, या दोन गोष्टींना उशीर नको.